डावी बाजू

लाकडी खोका मंगळवारी आला.
सरोवरावरून वारा सुटला होता, उणे एकवीस,
डुलुथमध्ये अशा दिवशी कुरिअरवालाही बोलत नाही.
सत्तेचाळीस किलो. मी एका टोकाला,
दुसऱ्या टोकाला नवा पोरगा, डेव्हन.
खोका आमच्याच कारखान्याचा, एकोणऐंशी सालचा.
झाकणाचे आठही स्क्रू पाकिटात घालून
आतून चिकटवलेले.
अशी गिऱ्हाइकं आता विरळा.

नंबर तीनशे सोळा.
वॉरंटी वीस वर्षं, फक्त पहिल्या मालकाला.
मालक पहिलाच होता.
वर्षं तेवढी चोवीस जास्त झालेली.

तक्रारीच्या रकान्यात लोक काय काय लिहितात.
खर्ज पातळ झालाय.
फ्रिज सुरू झाला की ठप्प करतो.
एकाने लिहिलं होतं, बायको म्हणते काही फरक नाही,
पण मला कळतो.
इथे निळ्या शाईत एकच ओळ:
डावी बाजू गरम होत नाही.

आवाजाबद्दल चकार शब्द नाही.

मी फोन लावला. मुलीने उचलला, ऑने साल्मेला.
म्हणाली, बाबांचे कान जाऊन अकरा वर्षं झाली.
चाळीस वर्षं खनिजाच्या गोदीत होते,
कानात कापसाचा बोळासुद्धा नाही.
पण संध्याकाळी रेकॉर्ड लावतात. रोज.
तबकडी पुसतात, सुई फुंकतात, सगळं रीतसर,
मग खुर्ची जवळ ओढून
दोन्ही तळहात टेकवतात दोन्हीकडच्या काळ्या पात्यांवर.
गाणं चाललंय, म्हणतात, कोमट आहे.

मी तिला सांगितलं नाही
की हे यंत्र गाणं नसतानाही तेवढंच तापतं,
उलट जोरात वाजलं की किंचित निवतं.
माहिती खरी होती. तिथेच राहू दिली.

पत्रा उघडला. धूळ, देवदाराची एक सुई,
आणि भिंगाखाली, डाव्या बोर्डावर, एका पायाभोवती
केसाएवढं करडं वर्तुळ.
कच्चा डाख.
तार पुरती तापायच्या आत कथील ओघळलं
की सांधा धरल्यासारखा दिसतो.
कधी आठवडाभर दिसतो.
हा चव्वेचाळीस वर्षं दिसला.

आतल्या भिंतीवर पेन्सिलीने:
अठ्ठेचाळीस तास चालवून पाहिला, ठीक.
खाली माझी आद्याक्षरं, तेविसाव्या वर्षीची,
शेपटी लांब ओढलेली.
त्या दिवशी मला कुठे जायची घाई होती
ते काही केल्या आठवेना.

डेव्हन म्हणाला, चव्वेचाळीस वर्षं टिकला, चांगलाच की.
मी म्हणालो, इस्त्री दे. म्हणजे डाख द्यायची,
तो बिचारा इकडेतिकडे बघत राहिला.

डेनिस बिलाचं विचारायला आली.
वॉरंटी संपलेली, मग कुठल्या खात्यात टाकू?
माझ्या, मी म्हणालो.
असा रकाना नाही, वॉल्ट.
म्हणून समासात लिहिलं:
मूळ चूक कारागिराची. दुरुस्ती विनामूल्य.
तिने चष्म्यावरून पाहिलं, शिक्का मारला,
आणि जाता जाता दिवा मोठा केला.

पुन्हा अठ्ठेचाळीस तास. या वेळी खरोखरचे.
रात्री वर्कशॉपमध्ये कोणी नव्हतं,
स्पीकर जोडलेच नव्हते.
थर्मामीटर बाजूला ठेवून मीही खुर्ची ओढली
आणि हात टेकवले.
काय ऐकायचं होतं, कोण जाणे.
हीटर बंद होता, एवढं कारण पुरेसं आहे.

आठही स्क्रू त्याच पाकिटातून काढून लावले.

दहा दिवसांनी ऑनेचा निरोप आला मशीनवर.
पोचला, छान आहे, आभार.
मागून कोणीतरी मोठ्याने बोलत होतं,
आपला आवाज किती मोठा आहे
हे न कळणाऱ्या माणसासारखं.
मग ती हसून म्हणाली,
बाबा विचारतायत,
आता उजवी बाजू जरा कमी का वाटते?